पानथरीतला पू

यकृतात गळू होणं ही आपल्याकडच्या डॉक्टरांना नवलाची गोष्ट नाही. अमिबाने केलेलं असो, जंतूंनी केलेलं असो, जिल्हा रुग्णालयाच्या सोनोग्राफीच्या खोलीत ते अधूनमधून सापडतंच. पानथरीचं तसं नाही. शवविच्छेदनांच्या जुन्या नोंदी पाहिल्या, तर हजार मृतदेहांमागे एक ते सात जणांच्याच पानथरीत पू आढळल्याचं दिसतं. तीस-पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या सर्जनलाही असे रुग्ण बोटांवर मोजता येतात. मात्र हे गळू लक्षातच आलं नाही किंवा त्यावर काहीच उपचार झाले नाहीत, तर त्यातून वाचणारा माणूस विरळा. विरळ आणि घातक अशी ही जोडी असल्यामुळेच या आजाराचा अर्धा उपचार म्हणजे तो वेळेवर सुचणं.

पानथरी, म्हणजे प्लीहा, पोटाच्या डाव्या बाजूला वरच्या अंगाला, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड दडलेली असते. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. धडधाकट माणसाच्या पोटावर हात ठेवून ती लागत नाही. आपल्या आजी-पणजीच्या पिढीला मात्र ती चांगली ठाऊक होती. हिवतापाने वारंवार पछाडलेल्या पोरांच्या पोटात ती इतकी वाढायची की दवाखान्यात जायच्या आधी आईच्याच हाताला लागायची. चरकसंहितेत उदररोगांचे आठ प्रकार सांगितले आहेत, त्यांत प्लीहोदराला वेगळी जागा आहे. इंग्रजी अमलात एखाद्या मुलखात हिवताप किती आहे हे ठरवायला मुलांची पोटं तपासून किती जणांची पानथरी वाढली आहे ते मोजत. हा अवयव आपल्याला परका नाही. त्याचं काम काय, हे मात्र फार उशिरा कळलं.

हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे विसावा हिस्सा या छोट्याशा अवयवातून जातो. आतमध्ये रक्त अतिशय अरुंद फटींतून पुढे ढकललं जातं. तरुण, लवचिक तांबड्या पेशी त्यातून सहज निसटतात. एकशेवीस दिवसांचं आयुष्य संपत आलेल्या, ताठरलेल्या पेशी अडकतात आणि तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळून टाकतात. हीच वागणूक जंतूंनाही मिळते. विशेषतः न्यूमोकॉकससारखे जंतू, ज्यांच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं गुळगुळीत कवच असतं आणि जे इतर भक्षक पेशींच्या हातून निसटतात, त्यांना पकडण्यात पानथरीचा हात धरणारा दुसरा अवयव शरीरात नाही. एवढी कडक झडती जिथे चालते तिथेच जंतूंनी बस्तान बसवावं, हे चमत्कारिकच. ते घडतं याचा अर्थ एक तर जंतू फार मोठ्या संख्येने आले, किंवा पानथरीचा एखादा तुकडा आधीच मेलेला होता, किंवा शरीराची प्रतिकारशक्ती कमी पडली. बहुतेक रुग्णांत यातलं एक तरी कारण सापडतं. अनेकदा दोन सापडतात.

पहिल्या प्रकाराचं ठळक उदाहरण हृदयाच्या झडपांचं. संधिवाताच्या तापाने लहानपणी खराब झालेल्या झडपेवर जंतू बसतात, त्यांचा आणि रक्ताच्या गुठळीचा मिळून एक लगदा तयार होतो, त्याचे कण सुटतात आणि रक्ताबरोबर वाहत जातात. मेंदूत गेले तर पक्षाघात. पानथरीत गेले तर तिथली बारीक धमनी बंद होते, तेवढा तुकडा मरतो आणि कणाबरोबर आलेले जंतू त्या मेलेल्या मांसावर वाढतात. म्हणून पानथरीत गळू दिसलं की शहाणा डॉक्टर स्टेथोस्कोप आधी छातीवर ठेवतो आणि हृदयाची इको तपासणी सांगतो.

दुसऱ्या प्रकाराचा विदर्भाशी जवळचा संबंध आहे. गडचिरोली-चंद्रपूरपासून नंदुरबारपर्यंतच्या पट्ट्यात सिकलसेलचा आजार आहे. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, अडकतात आणि पानथरीचे तुकडे मरत जातात. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांमध्ये ही झीज इतकी झपाट्याने होते की शाळकरी वयातच पानथरी आक्रसून नाहीशी झाल्यासारखी होते. जिथे पानथरीच उरली नाही तिथे गळू कशात होणार? आपल्याकडच्या सिकलसेलची जनुकीय ठेवण वेगळी आहे. त्यात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकतं, आजार काहीसा सौम्य राहतो आणि पानथरी मोठी होऊन तरुणपणापर्यंत शिल्लक राहते. म्हणजे काही भाग मेलेला, काही जिवंत, आणि रक्तात टायफॉइडच्या कुळातले साल्मोनेला जंतू आले की त्यांना आयतं घर. सिकलसेलच्या रुग्णाला ताप आणि डाव्या कुशीत दुखणं ही तक्रार असेल, तर ते ‘नेहमीचं क्रायसिस’ म्हणून सोडून देऊ नये, ते एवढ्यासाठी.

तिसऱ्या गटात मधुमेह, दीर्घकाळ स्टेरॉइड, कर्करोगाची औषधं, एचआयव्ही. मार लागून पानथरीत साकळलेलं रक्त नंतर नासणं, शेजारच्या स्वादुपिंडाची किंवा आतड्याची सूज तिच्यापर्यंत पोचणं, असेही रस्ते आहेत. ते कमी वहिवाटीचे.

लक्षणं पुस्तकात सोपी दिसतात : ताप, डाव्या बरगडीखाली दुखणं, वाढलेली पानथरी. प्रत्यक्षात ही तिन्ही एकाच माणसात एकत्र भेटणं दुर्मीळ. गळू खोल असेल आणि पानथरीच्या आवरणापर्यंत पोचलं नसेल, तर दुखतच नाही. वरच्या टोकाला असेल तर श्वासपटलाला टेकतं आणि माणूस डावा खांदा दुखतो म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे जातो, कारण श्वासपटलाची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या त्याच मज्जामुळांवरून येते. छातीच्या एक्स-रेत डाव्या फुप्फुसाखाली थोडं पाणी दिसतं आणि सगळ्यांचं लक्ष फुप्फुसाकडे वळतं. हातात उरतो तो फक्त ताप. येतो, उतरतो, घाम फुटतो, वजन घटतं. दोन आठवडे टायफॉइडची औषधं होतात, मग मलेरियाची, मग कुणीतरी क्षयाची शंका काढतं.

सोनोग्राफीने हा घोळ बराचसा संपवला. पोटावर जेल लावून प्रोब डाव्या बरगड्यांमधून तिरपा धरला की पानथरीच्या एकसारख्या राखाडी पोतात काळपट डाग उठून दिसतो. शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेला सीटी स्कॅन त्याहून नेमका : गळू एक की अनेक, केवढं, आत पडदे आहेत का, आवरणाच्या किती जवळ, हे सगळं तो सांगतो. पण हा डाग कशाचा, हे स्कॅनला कळत नाही. पू, क्षयाच्या गाठी, बुरशी, लिम्फोमा, निव्वळ मेलेला तुकडा, सगळेच एकमेकांसारखे दिसू शकतात. माझ्या मते या आजाराच्या उपचारात सर्वांत मोठी चूक इथेच होते. चित्र मिळालं की निदान मिळालं असं वाटतं, आणि सुई घालून दोन थेंब पू काढून तपासायचं राहून जातं.

फार पूर्वी या प्रश्नाला एकच उत्तर होतं, पानथरी काढून टाकणं. गळू जिथे आहे तो अवयवच काढला की गळू गेलं. शिवाय ‘पानथरीवाचून काही अडत नाही’ असा समज पक्का होता, कारण ती काढलेली माणसं हिंडता-फिरताना दिसत. या समजाला पहिला धक्का १९१९ साली मॉरिस आणि बुलक या दोघा अमेरिकी संशोधकांनी दिला. पानथरी काढलेले उंदीर साध्या उंदरांपेक्षा संसर्गाने कितीतरी जास्त मरतात, असं त्यांनी दाखवून दिलं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९५२ साली किंग आणि शूमाकर यांनी पानथरी काढलेल्या पाच तान्ह्या मुलांची हकिगत छापली. रक्ताच्या जन्मजात आजारासाठी त्यांच्या पानथऱ्या काढल्या होत्या, आणि पुढे पाचही जणांना रक्तात भिनणारा गंभीर जंतुसंसर्ग झाला. तेव्हापासून सर्जन मंडळी सावध झाली. पानथरी नसलेल्या माणसाला न्यूमोकॉकसने गाठलं, तर सकाळी कणकण आणि रात्री अतिदक्षता विभाग अशी गत होऊ शकते. असा संसर्ग वारंवार होत नाही, पण झाला तर निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात, आणि हा धोका शस्त्रक्रियेनंतर दोन-चार वर्षांत संपत नाही, जन्मभर राहतो.

म्हणून आता क्रम उलटा झाला आहे. एकच मोठं गळू असेल, पू पातळ असेल, आत पडदे नसतील, तर सोनोग्राफी किंवा सीटीच्या मार्गदर्शनाखाली नळी घालतात. त्वचा बधिर करतात, बरगडीच्या वरच्या कडेने सुई आत सरकवतात, तिच्यातून बारीक तार, तारेवरून नळी. तार काढली की नळीचं टोक आतल्या आत वेटोळं घेतं, म्हणजे ती सहज निसटत नाही. बाहेरच्या पिशवीत पू उतरू लागतो. मार्ग आखताना दोन गोष्टींची धास्ती असते : वर फुप्फुसाचं आवरण, खाली मोठ्या आतड्याचं वळण. तिसरी धास्ती रक्तस्रावाची, कारण हा अवयव रक्ताने भिजलेला आहे. त्यासाठी सुईच्या वाटेत निरोगी पानथरीचा भाग शक्य तितका कमी येईल असा मार्ग निवडतात. रक्त गोठण्यात दोष असेल, गळवं अनेक आणि पडद्यांची असतील, नळीने काम भागलं नसेल किंवा गळू फुटून पोटात पसरलं असेल, तर मात्र शस्त्रक्रियेला पर्याय राहत नाही. हृदयाची झडप बदलायची असेल तेव्हाही बहुधा आधी पानथरीचा निकाल लावतात. नाहीतर तिथल्या पुवातले जंतू नव्या झडपेवर जाऊन बसतात आणि सगळं मुसळ केरात जातं.

या सगळ्यात जंतूचं नाव कळणं का महत्त्वाचं, हे समजून घ्यायला एका जंतूकडे सविस्तर पाहायला हवं. त्याचं नाव बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलाय, आजाराचं नाव मेलिऑइडोसिस. नाव अवघड आहे, पण कोकणात, गोव्यात आणि त्याखालच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी ते एकदा तरी ऐकलेलं बरं.

गोष्ट १९११ ची, रंगूनची. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. रंगूनच्या सरकारी रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ असलेला आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्याचा सहकारी सी. एस. कृष्णस्वामी यांच्या टेबलावर बेवारशी, उपाशी, मॉर्फिनच्या व्यसनात बुडालेल्या माणसांचे मृतदेह येत. काहींच्या फुप्फुसांत, यकृतात, पानथरीत पुवाच्या गाठी खच्चून भरलेल्या दिसत. घोड्यांना होणाऱ्या ग्लँडर्ससारखं हे चित्र होतं, पण या माणसांचा घोड्यांशी काही संबंध नव्हता. त्यांनी पुवातून जंतू वाढवला. तो ग्लँडर्सच्या जंतूसारखा दिसे, पण चपळ होता, हालचाल करत होता, आणि बटाट्यावर-आगरवर झपाट्याने वाढत होता. १९१२ साली ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये दोघांनी मिळून हा नवा आजार जाहीर केला. पुढे त्याला व्हिटमोरचा आजार म्हणू लागले. कृष्णस्वामींचं नाव त्यातून गळलं, जसं त्या काळी हिंदी सहकाऱ्यांचं गळायचं.

हा जंतू माणसातून माणसात जवळजवळ पसरत नाही. तो राहतो मातीत आणि साचलेल्या पाण्यात, भाताच्या खाचरांत. कोरड्या दिवसांत तो जमिनीत खोल जातो, पाऊस पडला की वर येतो. चिवटपणा असा की, थायलंडच्या संशोधकांनी निव्वळ ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवलेले हे जंतू सोळा वर्षांनंतरही जिवंत सापडले. पायाच्या भेगेतून, हातावरच्या खरचटलेल्या जागेतून, वादळी पावसात हवेत उडालेल्या तुषारांबरोबर श्वासातून किंवा न उकळलेल्या पाण्यातून तो शरीरात शिरतो. निरोगी माणसाला बहुधा पत्ताही लागत नाही. मधुमेह असेल तर चित्र पालटतं : जगभरच्या नोंदींत निम्म्याहून अधिक रुग्ण मधुमेही आहेत. मधुमेहात पांढऱ्या पेशींचं जंतू गिळण्याचं काम मंदावतं, आणि हा जंतू तर गिळला गेल्यावरही पेशीच्या आत तग धरून राहतो.

किती काळ तग धरावा? दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत पडलेल्या एका अमेरिकी सैनिकाला तब्बल बासष्ट वर्षांनी हा आजार उफाळून आला. ही हकिगत २००५ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांतही तो असाच लपून राहिल्याचं दिसलं आणि त्याला ‘टाइमबॉम्ब’ म्हणू लागले. अर्थात हे अपवाद. बहुतेकांना संसर्गानंतर तीन आठवड्यांच्या आत ताप येतो.

भारतात हा आजार असणार, हे भूगोल पाहता कुणीही सांगितलं असतं. तरी तो आपल्याकडे ‘नव्हता’, कारण कुणी शोधत नव्हतं. मुंबईतल्या डॉक्टरांनी एका मुलातला आजार ओळखून १९९१ साली ‘इंडियन पीडिअॅट्रिक्स’मध्ये छापला, तेव्हा वैद्यकीय जगताचं लक्ष जरा वळलं. पुढे वेल्लोर आणि मणिपाल इथल्या महाविद्यालयांनी चिकाटीने शोध घेतला आणि किनारी कर्नाटकातले रुग्ण एकामागोमाग एक सापडू लागले. उडुपीची माती, तिथला पाऊस, तिथली भातशेती आणि सिंधुदुर्गातली यांत फार फरक नाही. जंतूला राज्याची हद्द कळत नाही, नोंदवहीला कळते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार दरवर्षी सुमारे १,६५,००० लोकांना हा आजार होतो आणि ८९,००० मरतात, आणि त्यातला मोठा वाटा दक्षिण आशियाचा आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये चार जणांना, एकमेकांपासून दूरच्या चार राज्यांत, हा आजार झाला आणि दोघं गेले. त्यांतलं कुणीही परदेशी गेलेलं नव्हतं. माग काढता काढता तो पोचला खोलीत फवारायच्या एका सुगंधी स्प्रेपाशी. स्प्रे तयार झाला होता भारतात.

आता असा एक रुग्ण डोळ्यांसमोर आणा. वय पंचावन्न, घर कुडाळच्या बाजूला, दहा वर्षांपासून ‘शुगर’, गोळ्या कधी घेतल्या कधी नाही. आषाढात लावणीला चिखलात उतरला, पायाला भेगा होत्याच. श्रावणात हुडहुडी भरून ताप. तीन आठवडे झाले, ताप हटेना, वजन उतरलं. सोनोग्राफीत पानथरीत पाच-सहा छोटी गळवं, यकृतात दोन. हे चित्र, म्हणजे पानथरी आणि यकृत दोन्हींत अनेक बारीक गळवं, मधुमेह, पावसाळा आणि शेती, समोर आलं की मेलिऑइडोसिसचा विचार पहिल्या दिवशी व्हायला हवा. प्रत्यक्षात पुष्कळदा क्षयाची औषधं सुरू होतात. त्यांनी हा जंतू मरत नाही, आणि तेवढे आठवडे फुकट जातात.

सुईने पू काढून प्रयोगशाळेत पाठवला, तरी एक अडसर उरतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिके रंगतात, सेफ्टी पिनसारखे. चोवीस तासांनी प्लेटवर वाढ दिसते ती बारीक, गुळगुळीत, अगदी मामुली. घाईतल्या तंत्रज्ञाला ती स्यूडोमोनास वाटते, किंवा बाहेरून पडलेली घाण वाटते, आणि प्लेट टाकून दिली जाते. ती अजून दोन दिवस ठेवली असती, तर त्याच वसाहती कोरड्या, सुरकुतलेल्या झालेल्या दिसल्या असत्या. औषधांच्या चकत्या ठेवलेली प्लेट उजेडात धरली, तर गोष्ट आणखी स्पष्ट होते. जेंटामायसिनच्या चकतीला वाढ अगदी चिकटून, मध्ये मोकळी जागा नाही. कॉलिस्टिनच्या चकतीलाही तसंच. आणि शेजारीच, को-अॅमॉक्सिक्लॅवच्या चकतीभोवती मात्र स्वच्छ मोकळं वर्तुळ. साध्या स्यूडोमोनासमध्ये बरोबर याच्या उलट दिसतं. या तीन चकत्या वाचायला महागडं यंत्र लागत नाही, तालुक्याच्या जागच्या प्रयोगशाळेतही हे जमतं. फक्त नळीवरच्या चिठ्ठीत डॉक्टरने ‘मेलिऑइडोसिसची शंका’ एवढं लिहायला हवं. ते तंत्रज्ञाच्या सुरक्षेसाठीही हवं, कारण उघड्या टेबलावर ही प्लेट हुंगून पाहणं धोक्याचं आहे, आणि वसाहतींचा वास घेऊन पाहायची जुन्या लोकांची सवय अजून गेलेली नाही.

प्लेटवर जे दिसलं तेच शरीरात खरं असतं. पेनिसिलिन, अॅम्पिसिलिन, जेंटामायसिन, तापावर सर्रास दिली जाणारी ही औषधं या जंतूवर चालत नाहीत. १९८९ साली थायलंडच्या उबोन राचथानी इथे निकोलस व्हाइट आणि सहकाऱ्यांनी सेफ्टाझिडिम हे औषध जुन्या मिश्र औषधयोजनेशी ताडून पाहिलं. जुन्या औषधांवर शंभरातले चौऱ्याहत्तर रुग्ण मरत होते, सेफ्टाझिडिमवर सदतीस. एका औषधाने मृत्यू निम्म्यावर आणल्याची उदाहरणं वैद्यकात फार नाहीत.

आज उपचाराचे दोन टप्पे असतात. पहिला शिरेतून, सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम, किमान दहा ते चौदा दिवस. पानथरीसारख्या खोल जागी गळू असेल, तर चार आठवडे किंवा त्याहून जास्त. इथे घरच्यांची आणि नवख्या डॉक्टरचीही परीक्षा असते. बरोबर औषध सुरू होऊनही ताप उतरायला सरासरी नऊ दिवस लागतात, मोठं गळू असेल तर महिनाही लागतो. पाचव्या दिवशी ‘गुण येत नाही’ म्हणून औषध बदलणं किंवा रुग्णाला दुसऱ्या दवाखान्यात हलवणं, याने नुकसान होतं. दुसरा टप्पा गोळ्यांचा : को-ट्रायमॉक्सॅझोल, किमान तीन महिने. औषध जुनं आणि स्वस्त, पण पोट बिघडवतं, कधी अंगावर पुरळ आणतं, रक्तातलं पोटॅशियम वाढवू शकतं, म्हणून अधूनमधून रक्त तपासावं लागतं. आणि या आजारात पानथरीच्या गळवांवर सुरीची गरज क्वचितच पडते. मोठं एखादं असेल तर नळी, बारीक अनेक असतील तर नुसती औषधं, आणि पुढच्या सोनोग्राफींत ती एकेक करून विरत गेलेली दिसतात. जंतूचं नाव कळलं म्हणून पानथरी वाचली, असं इथे अक्षरशः म्हणता येतं.

ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात १९८९ पासून या आजाराच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली जाते. पहिल्या पाच वर्षांत तिथे सुमारे ३१ टक्के रुग्ण दगावत. तीस वर्षांनी हा आकडा ६ टक्क्यांवर आला. या काळात तिथे कुठलंही जादूचं औषध निघालं नाही. लवकर शंका घेणं, लवकर कल्चर, चांगला अतिदक्षता विभाग आणि गोळ्या संपेपर्यंत रुग्णाचा पाठपुरावा, एवढंच झालं. आपल्याकडे यातली पहिली दोन कामं जवळजवळ फुकटात होण्यासारखी आहेत, आणि चौथ्याला आशाताई पुरेशा आहेत, कुणी त्यांना सांगितलं तर.

ज्यांची पानथरी काढावीच लागली, त्यांच्यासाठी चार शब्द. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएंझी बी यांच्या लशी घ्याव्या लागतात. शस्त्रक्रिया ठरवून होणार असेल तर ती होण्याआधी किमान दोन आठवडे, तातडीने झाली असेल तर साधारण दोन आठवड्यांनी. फ्लूची लस दर वर्षी. मलेरियाच्या भागात जाताना आणि कुत्रा चावल्यावर हयगय नको. ताप आला तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही, त्याच तासाला दवाखाना गाठायचा. डिस्चार्ज कार्डावर पानथरी काढल्याचं ठळक लिहून घ्यावं आणि त्याची प्रत पाकिटात ठेवावी. रात्री-बेरात्री बेशुद्ध माणसाला दाखल करताना घरच्यांना हे सांगायचं सुचतंच असं नाही.

मेलिऑइडोसिसवर अजून लस नाही. म्हणून मधुमेह असलेल्या शेतकऱ्याने लावणीच्या दिवसांत गमबूट घालावेत, पायाची भेग किंवा जखम उघडी ठेवून खाचरात उतरू नये, पाणी उकळून प्यावं आणि साखर ताब्यात ठेवावी. चिखलात गमबूट रुततात, कामाचा वेग मंदावतो, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणून कुणाला दुसरं काही सुचलं तर ते करावं, पण पाय झाकावेत. आणि पावसाळ्यात आठवड्याहून जास्त ताप टिकला, तर डॉक्टरने विचारो न विचारो, दोन गोष्टी आपणहून सांगाव्यात : मला शुगर आहे, आणि मी शेतात काम करतो.